तेरवी चोवीस तारखेला

"गुरुवारी सकाळी दहाले गाडी घेऊन येतो. तयार राह्यजो," विपुल फोनवर म्हणाला. "अन् त्याले संगं नको आणू. बाबाचं मन आत्ता कुठं नरमलं हाय."

प्रणालीनं फोन कानाशी आणखी जवळ धरला. या सख्ख्या भावाच्या तोंडून दोन वर्षं तिनं शिव्यांशिवाय काही ऐकलं नव्हतं.

"आई काय म्हणते?"

"ओटीचं सामान आणून बसली. पाचवा लागला ना तुले? कोनं सांगतलं ते इचारू नको. काय लपून राह्यते?"

फोन ठेवला आणि बाई ढसाढसा रडली. आनंदानंच. पहिलटकरणीला माहेरची ओटी हवी असते, आणि ते सुख आपल्या कपाळी नाही असं तिनं मनाला कधीच बजावून ठेवलं होतं.

तिच्या नवऱ्याला, अश्विनला मात्र हे पचेना. औषधांच्या दुकानात कामाला निघाला होता, तो बूट घालता घालता थांबला.

"दोन सालात एक गोड फोन नाई, अन् आता एकदम ओटी? तुह्या मायनं फोन घेतला का हातात?"

"रडत असंन ते."

"रडणारी माय जास्त बोलते, प्रणाली. मी येतो संगं."

"तू आला का बाबा दारातूनच वापस पाठवतीन. तुले तर सगळ्यात किडेच दिसते!"

"जा मग. मी कोण अडवणार?" डबा उचलून तो गेला. रागानं कमी, भीतीनं जास्त.

भीतीला कारण होतं. अश्विन वलगावच्या बौद्ध घरातला, ही अचलपूरकडच्या कुणब्याची. कोर्टात लग्न झालं त्याच आठवड्यात अमरावतीच्या खोलीवर हिच्या घरची माणसं मारायला आली होती. मग बार्शीटाकळी, मग अकोला. तीन बिऱ्हाडं झाली, पण प्रणालीचा धंदा एक दिवस बंद पडला नाही. फोन आणि जुना लॅपटॉप, एवढंच तर दुकान. जिथं रेंज, तिथं गल्ला.

ती पत्रिका बनवायची. बारशाची, लग्नाची, तेरवीची. ऑर्डर व्हॉट्सॲपवर, पत्रिका व्हॉट्सॲपवर. 'स्नेहबंध पत्रिका' या नावामागे कोण बसलंय हे गिऱ्हाइकाला ठाऊक नसे. तिनं स्वतःचं नाव कुठंच टाकलं नव्हतं, फोटोही नाही, नंबर वेगळा. पुण्यामुंबईहून ऑर्डरी येत. सगळ्यात जास्त चालायची तेरवीची पत्रिका. लग्नाला लोक दहा नमुने पाहून नाकं मुरडतात. तेरवीला कुणी घासाघीस करत नाही.

दुपारी एका नव्या नंबरवरून निरोप आला.

"तेरवीची पत्रिका पाह्यजे. तेरवी चोवीस तारखेले. नाव-फोटो मागून देतो. आधी नमुना दाखवा."

निधनाची तारीख लिहायला लोक हमखास विसरतात. ती स्वतःच मोजून टाकायची. मरणाचा दिवस धरून तेरावा, म्हणजे बारा मागे. तारीख आली बारा, गुरुवार. आणि आज तर मंगळवार, दहा.

"भाऊ, तारीख चुकली वाटते. चोवीसची तेरवी धरली तर निधन परवाचं येते."

पलीकडं 'टायपिंग' दिसलं, थांबलं, पुन्हा दिसलं. मग आलं, "बरोबर हाय. पेशंट मशीनवर हाय. परवा काढतो म्हणते डॉक्टर. कीर्तनाले महाराज चोवीसचेच भेटले."

तिला नवल वाटलं नाही. मागच्या महिन्यातही अशीच एक आली होती. म्हातारा आतमध्ये श्वास घेत होता आणि बाहेर पोरं चौकटीचा रंग ठरवत होती. तेव्हा तिला किळस आली होती. मग सवय झाली. पोटाचा धंदा आहे, काय करता?

"बाई की माणूस?"

"बाई."

तिनं 'मायेची सावली हरपली' असा नमुना पाठवला.

"हे नाई. लहान हाय. आमची कन्या लिहा."

तिचा हात आपोआप पोटावर गेला. विचारू नये ते तिनं विचारलं, "काय झालं हो तिले?"

"आजार होता. दोन सालापासून."

बिचारे मायबाप! दोन वर्षं उशाशी बसून काढली असतील. तिनं नेहमीचा नमुना बाजूला सारला आणि नवा करायला घेतला. मोगऱ्याच्या कळ्यांची चौकट, मधे समई, अक्षरं बारीक आणि शांत. तास गेला. 'आमची लाडकी कन्या' असं लिहिताना तिला आपल्या बाबांची याद आली. लाडकी तर तीही होती.

नमुन्याखाली तिनं लिहिलं, "देव करो अन् या पत्रिकेची गरजच न पडो."

नाव येईपर्यंत तिनं पेटीतून हिरवी साडी काढली, खांद्यावर टाकून आरशात पाहिली. ओटीला हीच नेसायची. विपुलला लिहून टाकलं, "गुरुवारी दहाले तयार राह्यतो." त्यानं लगेच अंगठा पाठवला. इतकं हलकं तिला दोन वर्षांत वाटलं नव्हतं. अश्विनलाही संध्याकाळी समजावू, रागावला तरी रुसून बसणारा माणूस नाही तो.

धंद्याच्या फोनवर निरोप आला. साडी खांद्यावर तशीच ठेवून तिनं तो उघडला.

"नमुना चांगला हाय. आता नाव लिहा. कु. प्रणाली भगवंतराव गावंडे. खाली शोकाकुल, वडील भगवंतराव, भाऊ विपुल."