पडद्यावरचं नाव

परळच्या चाळीतल्या संघमित्राने पटकथा लिहिली. एक निर्माता सगळ्यांना पायाखाली तुडवत वर कसा चढतो, त्याची. निर्माते उपेंद्रसर वाचून हळहळले, "शी! इतका नीच असतो का गं कुणी?" संघमित्राचं मागणं एकच होतं. पडद्यावर लेखिका म्हणून आपलं नाव यावं आणि ते आईने बघावं.

दादरच्या थिएटरात पहिल्या खेळाला आई, जाईबाई, ठेवणीतली साडी नेसून आली. दिवे मालवले आणि पहिलीच पाटी उमटली : 'लेखिका कालकथित संघमित्रा तांबे यांच्या स्मृतीस.' जाईबाईने अक्षर अक्षर लावून ते वाचलं आणि अंधारात लेकीचा हात चाचपून पाहिला.

मध्यंतरात संघमित्राने सरांना गाठलं. "सर, मी जिवंत आहे!"

"अगं हळू, पत्रकार आलेत! गेलेल्या लेखिकेच्या सिनेमाला कुणी नावं ठेवत नाही. दोन महिने कुठे दिसू नकोस, बस." मग मायेने तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले,

 

"आणि पोरं पाटीवर कैलासवासी लिहीत होती गं. तुमच्यात कालकथित म्हणतात, हे मीच आठवणीने सांगितलं."