सोडून दिलेला मासा

दोरी ताणली गेली आणि डॉक्टरांना वाटलं, झालं, पुन्हा दगडात अडकली.

दगडांचा त्यांना दांडगा अनुभव होता. दर रविवारी ते नदीवर यायचे, कमरेपर्यंतचे रबरी बूट चढवायचे आणि प्रवाहात ओली माशी सोडायचे. ओली माशी म्हणजे गळावर पीस आणि रेशीम गुंडाळून केलेला खोटा किडा. हा तरंगत नाही, पाण्याखाली बुडून वाहत जातो. डॉक्टर दातांचे. दोन पेशंटांच्या मधल्या वेळात दवाखान्यातल्याच चिमट्यानं ते असल्या माश्या बांधायचे, आणि त्या इतक्या देखण्या व्हायच्या की नुसतं बघत राहावं. माशांनीही आजवर तेवढंच केलं होतं.

एकही मासा कधी लागला नव्हता. पण हे फक्त डॉक्टरांना आणि नदीला ठाऊक. संध्याकाळी सासऱ्यांना फोन करून ते सांगायचे, "एक आला होता, अप्पा. हातभर. सोडून दिला." पलीकडून अप्पा म्हणायचे, "शाबास."

त्या एका शाबासकीपायी ही सगळी थापेबाजी. अप्पा निवृत्त हेडमास्तर, सहजासहजी कुणाला शाबास म्हणणारे नव्हेत. थोरल्या जावयाकडे बंगला होता, मोठी गाडी होती. धाकट्याकडे काय, तर मासे. अप्पा स्वतः जन्मभर ओल्या माशीवाले. त्यांचा नियमच होता: खरा माणूस मासा धरतो आणि सोडतो. घरी आणत नाही, फोटो काढत नाही, मिरवत नाही. हा नियम डॉक्टरांना फारच सोयीचा पडला होता.

आणि आता अप्पा मुक्कामाला आले होते. आल्या आल्या म्हणाले, "रविवारी मी येतो बरोबर. बघू तरी तुमचा हात." डॉक्टरांनी ताप आणून पाहिला. तो येईना. मग कंबर धरून पाहिली. बायको म्हणाली, "जा की अप्पांना घेऊन. मासे आता तुम्हाला ओळखत असतील." तिच्या बोलण्यातली गंमत डॉक्टरांच्या काही ध्यानात आली नाही.

सकाळपासून अप्पा काठावर घडीच्या खुर्चीत बसून सूचना देत होते. "बुडू द्या. प्रवाहाला नेऊ द्या. घाई करू नका, जावईबापू." डॉक्टर नुसती मान डोलावत होते. आज अब्रू जाणार, आणि इतक्या वर्षांच्या शाबासक्याही परत कराव्या लागणार. माशी केव्हाच वाहून खाली जाऊन नुसती लटकत होती. डॉक्टरांचं तिकडे लक्षच नव्हतं, ते सबब जुळवत होते. पाणी गार आहे म्हणावं, की अप्पांचा आवाज मोठा पडतो म्हणावं?

तेवढ्यात हा दगड. आणि दगड हलला.

"अप्पा, दगड ओढतोय."

"अहो, दगड कसला! मासा आहे तो!" अप्पा उठले, खुर्ची आडवी झाली. डॉक्टरांनी काठीवरचं रीळ उलटं फिरवलं, मग सुलटं, मग पाय घसरून पाण्यात बसकण मारली. बुटांत नदी शिरली. पण काठी काही सुटली नाही. शेवटी दोरीच्या टोकाला एक चमचमता, तडफडता जीव त्यांच्या नाकासमोर लोंबू लागला.

आता सोडायचा. इथंच पंचाईत झाली. उभा जन्म लोकांच्या तोंडात हात घालण्यात गेला, पण या तोंडाकडे हात काही जाईना. शिवाय हा पेशंट आ करायलाही तयार नव्हता.

"अप्पा, तुम्हीच काढा गळ," डॉक्टर काकुळतीला येऊन म्हणाले. "तुमच्या हाताला सवय आहे."

अप्पांनी दोन्ही हात पाठीमागे घेतले. नदीच्या वरच्या अंगाला बघितलं, खालच्या अंगाला बघितलं. कुणी नव्हतं.

"कसली सवय," ते हळूच म्हणाले. "मीही आजच बघतोय."

माशानं एक झटका दिला, आपला आपण सुटला आणि निघून गेला. डॉक्टर पाण्यातच बसून राहिले. अप्पा आपल्या चपलांकडे बघत होते. मग आधी कुणाला हसू फुटलं ते सांगता येणार नाही, पण अप्पांना डोळे पुसायला रुमाल काढावा लागला. डॉक्टरांना इतकं हलकं कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

अप्पांच्या खिशातला फोन वाजला. डॉक्टरांच्या बायकोचा. अप्पांना कमी ऐकू येई, म्हणून त्यांनी स्पीकर लावला.

"अप्पा, मिळाला का ह्यांना मासा?"

"मिळाला. माझ्या डोळ्यांदेखत. सोडून दिला."

"हातभर असेल."

अप्पांनी जावयाकडे पाहिलं. जावयानं ओल्या अंगानं मान हलवली. आता थाप कशाला?

"नाही गं," अप्पा म्हणाले. "वीतभरसुद्धा नव्हता."

पलीकडे हातातलं भांडं ओट्यावर ठेवल्याचा आवाज आला.

"अगं बाई," बायको म्हणाली, "म्हणजे आज खरंच धरला?"