साहेबाचं विसर्जन

“आज मी साहेबाच्या खुर्चीत बसणारच!” इंग्लंडमधल्या, आता संग्रहालय झालेल्या जुन्या हवेलीच्या दारात दाजींनी गर्जना केली आणि पायपुसण्याला अडखळून मुलीच्या अंगावर कोसळले. त्यांचे आजोबा हयातभर गोऱ्या कलेक्टरपुढे उभे राहिले होते. ‘बस’ कोणी म्हटलं नव्हतं.

दिवाणखान्यातल्या मखमली खुर्चीवर पाइनचं सुकं फळ ठेवलेलं होतं.

“बाबा, बसू नये म्हणून ठेवतात ते,” मुलगी कुजबुजली.

“मला शिकवतेस? यजमान गैरहजर म्हणून त्याच्या नावाची सुपारी मांडलीय!” दाजींनी डोळे मिटून विसर्जनाचा मंत्र म्हटला, फळ हलकेच उत्तरेला सरकवलं. शेवटचं ‘पुनरागमनाय च’ मुद्दाम गाळलं. साहेब परत यायला नको. मग ऐसपैस बसले.

गोरा रखवालदार धावत आला. “सर, प्लीज उठा!”

“ऐकलंस? सर म्हणाला!” दाजींची छाती फुगली. मग आवाज उतरवून म्हणाले, “त्याला म्हणावं, हात दे. गुडघा धरलाय.”