नोनाघाटची छपरं

“बांध कुठं तोडायचा, तेवढं सांगा,” पूर-नियंत्रण कक्षाचे प्रमुख जोआर्दार साहेब म्हणाले. “वरून आणखी पाणी येतंय. शहराच्या बाजूनं फुटला, तर इस्पितळासकट सगळा बाजार वाहून जाईल.”

मोश्ताकनं संगणकाच्या पडद्याकडं पाहिलं. नदीचा बांध आपणच एका जागी तोडायचा, पाणी मोकळ्या रानात सोडायचं आणि ती जागा ‘पथघाट’नं सुचवायची, असं ठरलेलं होतं.

‘पथघाट’ म्हणजे नकाशाचं सॉफ्टवेअर. मोश्ताकनं आणि त्याच्या तिघा मित्रांनी बांगलादेशातल्या खुलनाच्या एका चहाच्या टपरीवर बसून ते सुरू केलं होतं. ते सगळ्यांना फुकट होतं. वाटेल त्यानं ते आतून उघडून बघावं, सुधारावं, आपल्या गल्लीतली घरं नि विहिरी नकाशात भरत जाव्यात. राजशाहीच्या एका मास्तरणीनं त्यातली बांगला अक्षरं सरळ केली, चितगावच्या खलाशांनी बंदरातले धक्के भरले. बघता बघता हजारो माणसं जमली. हिवाळ्यात मेळावा भरे, खिचडी खाता खाता कडाक्याची भांडणं होत, आणि भांडणारेच निघताना गळ्यात गळे घालत. पुराचं गणित मात्र एकट्या मोश्ताकचं होतं. जिथं घरं नाहीत तिथं पाणी सोडा, इतकं साधं.

आज त्या गणितानं दक्षिणेवर बोट ठेवलं होतं. नोनाघाट. घर एकही नाही.

“झालं तर मग!” साहेबांनी वॉकीटॉकी उचलला.

मोश्ताक खुर्चीतून अर्धवट उठला. नोनाघाटला अख्खी वस्ती होती. तळ्याकाठच्या टिनाच्या घरात त्याची आई राहत होती.

ती छपरं त्यानंच पुसली होती. सरकारी जमिनीवरच्या वस्त्या हटवायला माणसं आली, तेव्हा त्यांच्या हातात ‘पथघाट’चाच नकाशा होता. शेजारची वस्ती एका सकाळीत जमीनदोस्त झाली. त्याच दिवशी मोश्ताकनं नोनाघाट नकाशावरून उडवलं. पुढच्या खेपेला माणसांनी नकाशा उघडला, तिथं वस्तीच दिसेना, तशीच परत गेली.

हे ठाऊक होतं फक्त शेफाला. ती ‘पथघाट’च्या कामात नवखी होती तेव्हा उपग्रहाच्या फोटोवरून तिनं ती सारी छपरं मोठ्या हौसेनं पुन्हा भरली होती. मोश्ताकनं तिला बाजूला घेतलं.

“शेफा, ती काढून टाक.”

“का? चुकलीत?”

“बरोबर आहेत, म्हणूनच. तिथं माझी आम्मा राहते.”

शेफानं गुपचूप ती काढली. पुन्हा कधी हा विषय काढला नाही. पुढं नकाशा तपासायचं सगळं काम तिच्याकडंच आलं. उत्तरेचं नदीकाठचं कौआचर तर तिनं एकटीनं भरलं. “तिकडं कुणाला पाठवू नका, भाई. तिथल्या वाटा मला पाठ आहेत,” म्हणाली होती.

आज तीही जवळ नव्हती. काल सकाळी होडी घेऊन बाहेर पडली ती परतलीच नाही, आणि संध्याकाळपासून सगळे फोन बंद होते.

“सर, थांबा!” मोश्ताक ओरडला. “नोनाघाट रिकामं नाही.”

“तुझाच नकाशा सांगतोय ना?”

“मी पुसलंय ते. तिथं माणसं आहेत. माझी आई आहे.”

खोलीतले सगळे वळून बघू लागले. साहेबांचा चेहरा लालबुंद झाला. “हजारो लोक तुझ्या भरवशावर घरं भरतात, आणि तू पुसतोस? अरे, आत्ता मी हुकूम दिला असता तर?”

“मला काय शिक्षा करायची ती करा. वस्ती हटवायची तर तीही हटवा. पण आज ती जिवंत राहू द्या.”

तो कामाला लागला. ‘पथघाट’ काही विसरत नसे. जुनी नोंद त्यानं परत आणली आणि नोनाघाटची छपरं पडद्यावर एकेक करून उगवली. आम्माचंही उगवलं. गणित पुन्हा फिरलं आणि बोट उत्तरेला सरकलं. कौआचर. घर एकही नाही.

“हे तरी खरं की हेही पुसलंयस?”

“ते शेफाचं काम आहे, सर. तिच्या हातून चूक होत नाही.”

साहेबांनी क्षणभर डोळे मिटले. मग वॉकीटॉकी तोंडाशी धरला. “उत्तरेचा बांध तोडा.”

थोड्याच वेळात शहराच्या घाटावरचं पाणी उतरू लागलं. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. साहेबांनी स्वतःच्या हातानं मोश्ताकपुढं चहा ठेवला. “खरं बोललास, पोरा. त्याला छाती लागते.” मोश्ताक ओंजळीत तोंड झाकून रडला. किती वर्षांचं ओझं उतरलं होतं.

तेवढ्यात दार ढकलून शेफा आत आली. नखशिखांत भिजलेली, हाताचे तळवे वल्ह्यांनी सोललेले, पण चेहऱ्यावर हसू.

“भाई, आता मनाला लावून घेऊ नका. दक्षिणेचा बांध खुशाल तोडू द्या.”

“काय?”

“तुमचं गणित नोनाघाटच निवडणार, हे मला कळत नव्हतं होय? आणि तुम्हाला तोंड उघडता येणार नाही, हेही. काल दिवसभर आणि आज सकाळी फेऱ्या मारल्या. वस्तीत आता चिटपाखरू नाही. आम्मा होडीत बसेना, कोंबड्यांसकट उचलून आणली तिला.”

“कुठं... कुठं नेलंस सगळ्यांना?”

“शाळेत आधीच माणसं मावेनात, म्हणून आमच्या वाडीवर नेलं,” शेफानं आवाज खाली आणला आणि साहेबांकडं चोरटी नजर टाकून हसली. “कौआचरला. तुम्ही तुमची घरं पुसलीत भाई, मी आमची कधी भरलीच नाहीत.”