पूर्ण दाब!
हे कुणाला लिहून कळवायचंच नाही, असं मेकॅनिकने ठरवलं होतं. इतकी लाज वाटली. त्याच्या ओरडण्याला कंटाळून, हाताखाली काम करणारा दोस्त गॅरेज सोडून गेल्याला दोन महिने झाले होते. आज एक गाडी आली, ॲक्सिलरेटर दाबूनही रांगणारी. बॉनेटखाली वाकून, स्कॅनरवर डोळे लावून तो सवयीने ओरडला, "दाब!" पेडल किती दाबलं, तो आकडा शून्यच. "झोपलास काय? पूर्ण दाब!" तरी शून्य. 'पेडलचा सेन्सर गेला,' त्याने जॉबकार्डावर लिहूनही टाकलं. मग काचेतून आत बघितलं. ड्रायव्हरची सीट रिकामी. पेडल दाबायला दोस्त नव्हताच. शेवटी हे त्याने दोस्तालाच टाइप करून पाठवलं. लगेच फोन वाजला. "गाढवा, सेन्सर नाही, तूच गेलायस कामातून!" दोस्त खदाखदा हसला, मग हळूच म्हणाला, "येऊ दाबायला?" "ये रे. शब्द देतो, यापुढे तुझ्यावर 'दाब' आणि 'सोड' एवढंच ओरडेन."