उडालेली पावडर

प्रिंटरचा टोनर बदलायचं काम ऑफिसातल्या मावशींचं. दरवेळी काळी पावडर नाकातोंडात जायची आणि मग दुपारभर ठसका थांबायचा नाही. एकदा त्या धीर करून म्हणाल्या, "साहेब, मास्क आणि हातमोजे मिळाले तर बरं होईल."

"अहो मावशी, पावडरच आहे ती, विष नव्हे!" साहेब हसले.

पुढच्याच आठवड्यात प्रिंटर बंद पडला. मेकॅनिकने आत डोकावून मान हलवली. "ही उडालेली पावडर फार वाईट हो साहेब. आत साचली की कामातून गेलंच समजा."

साहेबांचा चेहरा पडला. इतकी वर्षं आपण काळजी घेतली नाही, याचं त्यांना मनापासून वाईट वाटलं.



दुसऱ्याच दिवशी मापाचं जाड कव्हर आलं, आणि मावशींनी ते खोकत खोकत प्रिंटरला घातलं.