कड्यावरचा नारळ

परदेशातल्या एका उत्तरेकडच्या बेटावर, समुद्रात सरळ उतरलेल्या कड्याच्या टोकाशी, आईने पिशवीतून नारळ काढला. थेट वसईहून आणलेला.

"आई, इथे नको," लेक दबक्या आवाजात म्हणाली.

"दर्या इथून तिथून एकच गो. त्याच्या दारात यायचं नि मान द्यायचा नाही?" आणि जन्मभर मासळी विकलेल्या हाताने तिने नारळ खाली सोडलासुद्धा.

कपारींतले शेकडो पक्षी कलकलाट करत उडाले. त्यांच्या गडबडीत दोन-चार अंडी घरंगळून लाटांत गेली. वाटाड्या संतापून इंग्रजीत ओरडला, "ही बाई कोणाबरोबर आली आहे?" सहलीतले सगळे वळून पाहू लागले. लेक हातातल्या पुस्तकात डोकं खुपसून उभी राहिली.

आईला इंग्रजी येत नव्हतं. तिने लेकीकडे एकदाच पाहिलं आणि परतताना चार पावलं मागून चालली, अनोळखी बाईसारखी. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाला हाक मारली, तर ती उठलीच नाही; झोपेतच गेली होती.

वर्षाने लेक पुन्हा त्याच कड्यावर आली. वाटाड्या तोच होता. "खाली काही टाकू नका," तो नव्या मंडळींना बजावत होता. "गेल्या वर्षी एका बाईने चक्क नारळ टाकला! कोणाबरोबर आली होती, देव जाणे."

सगळे हसले. या वेळी लेकीच्या हातात पुस्तक नव्हतं.

"माझ्याबरोबर," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "ती माझी आई होती."